ज्या पानावर ते नाव

१

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला शाळेच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, तर जनरल रजिस्टर नंबर दोन जागेवर नव्हतं. एक होतं, तीन होतं, थेट नऊपर्यंतची सगळी लाल बासनांत बांधून ओळीनं उभी होती. दोनच्या जागी नुसतं बासन होतं. तेही भिरकावलेलं नाही. चौघडी करून, कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवलेलं.

ज्यांना शाळा सोडून फार वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगतो. शाळेत ज्याचं ज्याचं नाव घातलं जातं, त्याची नोंद जनरल रजिस्टरात होते. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, शाळा कधी सोडली आणि का. दोन नंबरात १९६८ ते १९७८ ही दहा वर्षं होती. सोमवारी तालुक्याहून पथक येणार होतं, जुन्या नोंदी स्कॅन करायला. म्हणूनच तर कपाट उघडलं होतं.

गाव बेंबळीपासून सहा-सात किलोमीटर आत आहे. नाव सांगत नाही. नाव टाळायला माणसाकडं कारणं असतात, ते पुढं कळेलच.

मुख्याध्यापक भागवत सर एरवी थंड डोक्याचे. पण त्या दिवशी त्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा पुसायला गेले तेव्हा चष्मा डोळ्यांवरच होता. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोन. एक क्लार्क शंभूच्या करदोट्याला, ती अंघोळीलासुद्धा सुटत नाही असं तो शपथेवर सांगत होता. दुसरी शिपाई गोरोबा देवकते यांच्या जुडग्यात.

"गोरोबामामा," सर म्हणाले, "सोमवारपर्यंत सापडलं नाही तर मला पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. आणि तुमचं निलंबन होईल. माझा नाइलाज आहे."

गोरोबामामांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. छत्तीस वर्षांत त्यांनी घंटा एक मिनिट पुढं-मागं केली नव्हती. ते घडी केलेल्या बासनाकडं जरा वेळ बघत राहिले, "बरं" म्हणाले आणि तास संपला होता म्हणून घंटा द्यायला गेले.

घंटेचा एक ठोका जास्त पडला. हे फक्त दीपमाला मॅडमच्या लक्षात आलं.

२

दीपमाला मॅडम इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्याकडं आणखी एक खातं होतं, पगाराशिवायचं. कुणाचा डबा हरवला, कुणाच्या वहीतलं पान फाटलं, की ते प्रकरण त्यांच्याकडं जायचं. आरडाओरडा नाही, छडी नाही. त्या नुसत्या विचारत बसायच्या, आणि चोर कंटाळून कबूल व्हायचा.

वर्गातही त्यांचं असंच. दिवाळीनंतर सहावीत कॉमन नाउन आणि प्रॉपर नाउन शिकवायचे होते. फळ्यावर व्याख्या लिहून मोकळं होणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी खपटाचे दोन खोके आणले. पोरांनी चिठ्ठीवर शब्द लिहायचा आणि योग्य खोक्यात टाकायचा. नदी कॉमन, तेरणा प्रॉपर. गाव कॉमन, ढोकी प्रॉपर. "जे नाव त्या जातीच्या सगळ्यांना लागतं ते कॉमन. जे त्या एकालाच ठेवलेलं ते प्रॉपर. त्याचं पहिलं अक्षर मोठं काढायचं, वाक्यात कुठंही येऊ दे. मान असतो त्याला."

मोनिका नावाच्या पोरीनं हुज्जत घातली होती. "मॅडम, मावशी प्रॉपर हाय. आपल्या शाळेत मावशी एकच हाय की!"

वर्गाच्या मागच्या खिडकीला लागूनच पोषण आहाराची स्वयंपाकखोली. तिथं खिचडी रांधणाऱ्या बाईंना सगळी शाळा मावशी म्हणायची. त्या गोरोबामामांच्या घरच्या.

"एकच असली तरी मावशी कॉमनच. मावशीचं नाव काय?"

"अयोध्या!" पोरं ओरडली. चिठ्ठी प्रॉपरच्या खोक्यात पडली. मावशी खिडकीपलीकडून हसत म्हणाल्या, "ते हितलं नाव हाय, बाळा," आणि पुन्हा डाळ घोटायला लागल्या. तास संपला आणि मॅडम ते विसरून गेल्या. हुशार माणसंही विसरतात, आणि विसरतात ते नेमकं हेच.

गुरुवारी दुपारी सरांनी ऑफिसच्या दाराला नवं कुलूप आणून लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि मॅडमना बोलावलं. "पोलिसांच्या आधी तुम्ही बघता का? माझा त्या माणसावर संशय नाही हो. पण दुसऱ्या कुणावर घेऊ?"

"बघते," मॅडम म्हणाल्या. "आधी सांगा, ते पुस्तक शेवटचं कुणी पाहिलं?"

सरांनी चष्मा काढला. "कुलदीपनं."

३

कुलदीप तासावर काम करणारा इतिहासाचा तरुण मास्तर. विचारल्यावर त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, मी फोटो काढले होते. दहा-बारा पानांचे. गावातून कोण कुठं गेलं ते लिहावं म्हणून. पण त्याच दिवशी पुस्तक शंभूभाऊंच्या हातात दिलं. त्याला तीन आठवडे झाले."

शंभूनं मान्य केलं. "दिलं की. म्या सोता बासनात बांधून ठिवलं. पर मॅडम, माझी बासनं बघा कशी असत्यात. गाठ मारली की झालं. अशी लग्नाच्या शालूवानी घडी मला जन्मात जमायची न्हाय."

"हे पुस्तक मागायला कुणी आलं होतं?"

"लई जण. बंडप्पा आला व्हता, वय कमी करून पायजे म्हणून. त्याला हाकललं. त्याचं नाव चार नंबरात हाय, दोन नंबरात न्हाय. आन् दाखले मागणारी रोजचीच. कुणाला जमिनीसाठी, कुणाला आधारसाठी, कुणाला उगंच." तो हसला. "म्हाताऱ्या मान्सांला बी आता दाखले पायजेत."

गोरोबामामा पाण्याच्या टाकीपाशी नळाला चिंधी बांधत होते.

"मामा, जुडगं कधी अंगावेगळं होतं का?"

"जेवताना. उष्ट्या हातानं शाळेची किल्ली धरत न्हाय म्या. खुंटीला अडकवतो, हात धुतले की घेतो. छत्तीस वर्सं हाय असंच."

"त्या वेळी कुणी घेतली असेल?"

त्यांनी चिंधीला आणखी एक गाठ मारली. गाठीची गरज नव्हती. "मॅडम, माझ्यामुळं गेलंय असं लिवून टाका. चार महिन्यांनी जायचंच हाय घरी."

निर्दोष माणूस चिडतो. दोषी माणूस सबबी सांगतो. हा माणूस दोन्ही करत नव्हता. तो कुणाला तरी पाठीशी घालत होता.

शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या दाराखालून आत सरकवलेला कागद सापडला. चौरेघी वहीचं पान. भागवत सरांनी तो मॅडमपुढं ठेवला.

"भागवत सरांस नमस्कार. पुस्तक शाळेतच हाय. फाटलं न्हाय. शंभूनं नेलं न्हाय. कुलदीप सरांनी नेलं न्हाय, त्यांनी फकस्त फोटू काढले. दीपमाला मॅडमला तरास देऊ नका. शिपायानं बी नेलं न्हाय. त्यांला काढू नका. सोमवारच्या आत मिळंल."

खाली सही नव्हती.

४

"पोराचं अक्षर आहे," सर म्हणाले. "दुसरी-तिसरीतलं."

"आणि लिहिणारा बाहेरचा दिसतोय," कुलदीप म्हणाला. "बघा ना, गोरोबामामांना शिपाई म्हणतोय. गावातलं शेंबडं पोरही त्यांना मामाच म्हणतं. ज्याला त्यांचं नाव ठाऊक नाही, असाच कुणीतरी."

सरांना ते पटलं. बाहेरचा चोर सगळ्यांनाच आवडतो.

मॅडमनी कागद घरी नेला. त्या रात्री त्यांच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्लं.

अक्षर पोराचं होतं खरं. मोठं, उभं, प्रत्येक अक्षर पाटीवर गिरवावं तसं दाबून काढलेलं. पण "त्यांला काढू नका" हे पोराच्या मनात यायचं नाही. म्हणजे माणूस मोठं आणि अक्षर लहान. आठव्या-नवव्या वर्षी शाळा सुटली असेल, आणि हात तिथंच थांबला असेल.

आणि बाहेरचा? बाहेरच्याला शंभूचं नाव ठाऊक, कुलदीपनं फोटो काढल्याचं ठाऊक, मॅडम चौकशी करताहेत हे एका दिवसात ठाऊक, आणि ज्याला वाचवायला हा सगळा खटाटोप, त्याचंच नाव तेवढं ठाऊक नाही? असं कसं? चिठ्ठीत प्रत्येक माणसाला त्याचं विशेषनाम मिळालं होतं. एकाच्या वाट्याला मात्र सामान्यनाम आलं होतं.

त्यांच्या डोळ्यांपुढं ते दोन खोके आले. नाव ठाऊक असून जे प्रॉपरच्या खोक्यात टाकता येत नाही, असं कुणासाठी कुणाचं नाव असतं? त्यांच्या आजीनं आजोबांना जन्मभर "तुमच्या मामाचे वडील" म्हटलं होतं. रेशन दुकानात नाव विचारलं तर शेजारणीला सांगायला लावायची.

मॅडमनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर आली. घडी घातलेलं बासन. जेवताना खुंटीला अडकवलेलं जुडगं. मामा रोज दुपारी जेवतात ते कुठं? चुलीपाशी, स्वयंपाकखोलीत. खुंटीही तिथलीच. आणि पुस्तक परत का ठेवलं गेलं नाही, तर गुरुवारी दुपारपासून ऑफिसला नवं कुलूप होतं.

कोण, ते कळलं. पण जिला सगळी शाळा अंगठाबहाद्दर समजते, तिला पन्नास वर्षांपूर्वीचं रजिस्टर कशाला हवं होतं?

५

शनिवारी शाळा अर्धा दिवस. पोरं खिचडी खाऊन पांगली. मॅडम स्वयंपाकखोलीत गेल्या आणि पाटावर बसल्या. अयोध्याबाई पातेलं घासत होत्या.

"मावशी, वाचत कुठपर्यंत आलात?"

हातातली घासणी थांबली. खोटं बोलायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. रिकाम्या पोत्यांची थप्पी बाजूला केली, खालचं लुगड्याचं गाठोडं काढलं आणि सोडलं. रजिस्टर नंबर दोन. एक कोपराही दुमडला नव्हता.

"पार शेवटाला आले. न्हाय गावलं."

"काय?"

"माझं नाव." त्या पदराला हात पुसत राहिल्या. "माझा बा मेंढरं घेऊन फिरायचा. पोरीची आबाळ नको म्हणून मला हितं आत्याकडं ठिवलं. तीन वर्सं ह्याच शाळंत आले म्या. पुढं त्याच आत्यानं सून करून घेतली. लग्नात तांदळात नाव लिवलं अयोध्या. मग पयलं नाव बंदच झालं. एकटा भाऊ हाक मारायचा त्या नावानं. सोनारीला असायचा. गेल्या साली गेला त्यो. त्याच्यासंगं हाक बी गेली."

"तुमी त्या दिशी वर्गात सांगितलं, एकालाच ठिवल्यालं ते प्रॉपर. मला वाटलं, मग माझं कोन्तं? बायको म्हणा, आई म्हणा, मावशी म्हणा, ते तर समद्यांचंच. बानं ठिवल्यालं नाव कागदावर कुठं हाय का, का म्याच सपनात बघितलं? शंभूला इचारलं तर म्हणला, मावशी आता दाखला काढून कलेक्टर व्हायचं का. म्हणून किल्ली घेतली. एका दिसात बघून ठिवीन म्हणलं. पर वाचायला येळ लागतो वो मला."

"आणि सापडलं नाही."

"न्हाय. एक पान सोडलं न्हाय..." त्या अडखळल्या.

मॅडमनी रजिस्टर मांडीवर घेतलं. "मला वाचून दाखवा बरं. कसं वाचता ते."

अयोध्याबाईंनी ओळीवर बोट ठेवलं. बोट सरकायचं, ओठ हलायचे, एकेक अक्षर तोंडातून बाहेर यायचं. "शां-त-लिं-ग... म-हा-दे-व..." पान संपलं. पुढचं पान. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. ओठ मिटले. त्यांनी ते पान तसंच सोडलं आणि पुढचं काढलं.

"हे का उलटलं?"

त्यांनी पानाची कड बोटानं सारखी केली.

"मावशी, ह्या पानावरची वीस नावं राहिली की."

"त्याच्यावर ते हाय," त्या खाली बघत म्हणाल्या.

मॅडमनी पान मागं घेतलं. तिसरी ओळ. गोरोबा नामदेव कुंभार. संत गोरोबांचं तेर इथून काही लांब नाही. ह्या मुलखात एका आळीत चार गोरोबा सापडतील, आणि त्या काळी तर आठ.

"हा दुसराच गोरोबा आहे ना!"

"दुसरा असला तरी नाव तर तेच! मला मनात वाचाया येत न्हाय, मॅडम. तोंडानंच वाचावं लागतं. आन् तोंडानं ते कसं घिऊ? ज्या पानावर ते नाव, ते पान म्या उलटते."

मॅडमनी भराभर पानं चाळली. दहा वर्षांच्या रजिस्टरात अशी सतरा पानं निघाली. हसावं की रडावं त्यांना कळेना. आणि तेवढ्यात दारात सावली पडली. गोरोबामामा किल्ल्यांचं जुडगं घेऊन उभे होते, आणि त्यांची नजर मॅडमच्या मांडीवरच्या रजिस्टरावर होती.

६

"तुम्हाला ठाऊक होतं," मॅडम म्हणाल्या.

"बासनाची घडी बघितली तवाच. चव्वेचाळीस वर्सं माझी धोतरं त्याच हातानं घडी होत्यात." मामा उंबऱ्यावर बसले. "कशापायी नेलं ते न्हाय कळलं. इचारलं बी न्हाय."

"आणि निलंबन?"

"मंग काय तिचं नाव सांगू?" ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच उमगलं असावं, कारण ते जुडग्यातल्या किल्ल्या मोजायला लागले. अयोध्याबाई चुलीकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

मॅडमनी दोन वाक्यांत त्यांना सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अकरा जून त्र्याहत्तर. आईनं आमा दोघांला एकाच दिशी शाळंत आणलं व्हतं. मास्तरनी आधी मला लिवलं, मग हिला. माझ्या खालची ओळ बघा."

जून १९७३चं पान मॅडमना लगेच सापडलं. ते त्या सतरांतलंच एक होतं. नोंद ४१७, गोरोबा हरिबा देवकते. तीन आठवडे ज्या ओळीच्या भीतीनं हे पान उलटलं जात होतं, तिच्याच खाली, निळ्या शाईत, नोंद ४१८ होती. मॅडमनी ती मोठ्यानं वाचली.

"बानू धोंडीबा शेंडगे. इयत्ता पहिली. शाळा सोडल्याचं कारण, सतत गैरहजर."

अयोध्याबाई वळल्या. ओल्या हातानं कागदाला शिवू नये म्हणून त्यांनी हात पदराला तीनदा पुसले, आणि मग त्या ओळीवर बोट ठेवलं. फक्त त्या ओळीवर. वरची ओळ त्यांनी दुसऱ्या हाताच्या तळव्यानं झाकली होती. "बा-नू," त्यांनी वाचलं. बोट मागं नेलं आणि पुन्हा वाचलं.

सोमवारी पथक आलं तेव्हा नऊच्या नऊ रजिस्टरं ओळीनं उभी होती. भागवत सरांनी मॅडमना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कुणाचं काम होतं?"

"घरच्या माणसाचं, सर. चोरी नव्हती, वाचायला नेलं होतं. कॉमन नाउन सांगितलं. प्रॉपर विचारू नका."

सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं नाही. थंड डोक्याच्या माणसाचा हा फायदा असतो.

दुपारी पोरांची पंगत बसली होती. मामांनी जुडगं खुंटीला अडकवलं, हातपाय धुतले आणि चुलीपाशी आपल्या नेहमीच्या जागी मांडी घातली. एरवी ते "ऐकलं का" म्हणायचे, किंवा नुसता घसा खाकरायचे. त्या दिवशी त्यांनी घसा खाकरला, थांबले, आणि म्हणाले, "बानू, भाकर वाढ."

अयोध्याबाई पोरांना वाढत होत्या. त्या वळल्याच नाहीत. दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली असं त्यांना वाटलं असावं. मोनिका इकडंतिकडं बघत म्हणाली, "मामा, बानू कोण?"

मामांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं, मेंढरांमागं लांब गेलेल्या पोरीला मारावी तशी.

"बानूऽ!"

डाव पातेल्यात राहिला. "आले," ती म्हणाली.